वर्षभरात गेलेल्यांची यादी गावासाठी करायची तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावात 'ड' वर्गाचं, म्हणजे सरकारी दर्जात सगळ्यात खालचं, वाचनालय आहे. तिथल्या तरुण ग्रंथपालाला 31 डिसेंबरला 'या वर्षी आपल्यातून गेलेले' असा फलक लावायचा आहे आणि संध्याकाळी छोटा कार्यक्रम घ्यायचा आहे. मोबाईलवर शोधून त्याने साठेक नावं जमवली. निम्मी सिनेमातली, उरलेली खेळाडूंची आणि परदेशी नेत्यांची. कार्यकारिणीतल्या एका काकांनी यादी हातात घेतली आणि विचारलं, "यातल्या किती जणांना आपलं गाव ओळखते?" आता तो विचारतोय, नावं कोणती ठेवू, किती ठेवू, तारखा कुठून तपासू, गावातली माणसं घेऊ का, आणि आमदारांना बोलावू का.

भाऊ, मी वर्धा जिल्ह्यातल्या एका गावी ग्रंथपाल होतो आणि जोडीला जिल्ह्याच्या वर्तमानपत्राला बातम्या द्यायचो. वर्षाअखेरची ही यादी बरीच वर्षं माझ्याच गळ्यात होती. आता निवृत्त आहे, तरी डिसेंबर आला की कोणी ना कोणी विचारायला येतंच. त्यामुळे जरा लांबण लागेल, पण सगळं सांगतो.

काकांचा प्रश्न बरोबर आहे, पण तो तसाच लागू केला तर फसाल. 'गाव कोणाला ओळखते' हाच निकष धरला तर यादीत नट आणि गायकच उरतील, कारण टीव्हीवर तेच दिसतात. मी निकष थोडा फिरवून घेतो: या माणसाने केलेलं काही आपल्या गावाच्या आजच्या जगण्यात आहे का? गावाला ते ठाऊक असो वा नसो. ठाऊक असेल तर लोक मान डोलावतील. ठाऊक नसेल तर ते सांगण्यासाठीच तुमचा फलक आहे. तुमच्या साठ नावांना हा एकच प्रश्न लावून बघा. दहा-बारा उरतील, आणि जी मुळात यादीत नव्हती अशी पाच-सहा आठवतील.

अर्थात सगळ्यांना एकच माप चालत नाही. फलक शाळेत लागणार असेल तर पोरांच्या पुस्तकातले कवी, शास्त्रज्ञ पुढे येतील. ग्रामपंचायतीत लागणार असेल तर प्रत्येक नावाला पक्षाचा वास येईल, आणि वर्ष निवडणुकीचं असेल तर विचारूच नका. वाचनालयाला जरा मोकळीक असते. गावाचा पोतही बघावा लागतो. कापसाचं गाव, झाडीपट्टीतलं धानाचं गाव आणि मेळघाटातला पाडा यांची यादी एकसारखी निघाली तर ती कुठूनतरी उतरवली आहे असं खुशाल समजावं.

उदाहरण म्हणून मी चालू वर्ष घेत नाही, कारण त्यातली भांडणं अजून ताजी असतात. 2015 घेऊ. वऱ्हाडातल्या कापसाच्या गावासाठी मी ती यादी कशी केली असती ते सांगतो.

पहिलं नाव शरद जोशी, 12 डिसेंबर 2015, पुणे. जन्म साताऱ्याचा, नोकरी टपाल खात्यातली, मग स्वित्झर्लंडमध्ये, आणि तिथून परत येऊन चाकणजवळ आंबेठाणला कोरडवाहू शेती. हे सगळं कुठेही वाचायला मिळतं. तुमच्या फलकाला त्याहून जवळचं काहीतरी पाहिजे. गावातल्या सत्तरी ओलांडलेल्या कास्तकारांना विचारा, कोणाच्या घरी शेतकरी संघटनेचा लाल बिल्ला आहे का. कोणाच्या तरी ट्रंकेत, जुन्या पासबुकाखाली सापडतोच. दुसरी गोष्ट, संघटनेने लक्ष्मीमुक्तीची मोहीम चालवली होती. नवऱ्याने आपणहून थोडी जमीन बायकोच्या नावावर करून द्यायची. त्या काळातले फेरफार तलाठ्याकडून बघायला मिळाले तर बघा. एखाद्या आजीचं नाव सातबाऱ्यावर त्यामुळेच चढलेलं निघेल. ती आजी हयात असेल तर त्या संध्याकाळी शरद जोशींबद्दल बोलायला तिच्याहून लायक माणूस जिल्ह्यात मिळणार नाही.

दुसरं नाव आर. आर. पाटील, 16 फेब्रुवारी 2015. हे तासगावचे, सांगली जिल्ह्यातले. वरवर पाहिलं तर आपला काय संबंध? पण गावाच्या वेशीवर जाऊन उभे राहा. 'तंटामुक्त गाव' अशी रंग उडालेली पाटी बहुतेक गावांत अजून आहे. ती मोहीम 2007 ची, तेव्हा ते गृहमंत्री होते. त्याआधी ग्रामविकास मंत्री असताना त्यांनी संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू केलं. त्या वेळी सारं गाव सकाळी खराटा घेऊन रस्त्यावर उतरायचं, तपासणीचं पथक येणार म्हणून भिंतींवर म्हणी रंगवल्या जायच्या. म्हणजे सांगलीच्या मंत्र्याने अमरावतीच्या संताचं नाव घेऊन केलेलं काम तुमच्या वेशीवर आहे. फलकावर एवढं लिहिलं तरी पुरे.

तिसरं नाव रा. सू. गवई, 25 जुलै 2015, नागपूर. दर्यापूर तालुक्यातल्या दारापूरचे. विधान परिषदेचे सभापती, अमरावतीचे खासदार, पुढे बिहार आणि केरळचे राज्यपाल. दीक्षाभूमीच्या स्मारक समितीत त्यांनी अनेक वर्षं काम केलं. आता गंमत बघा, दोनच दिवसांनी, 27 जुलैला, शिलाँगमध्ये डॉ. अब्दुल कलाम गेले. सारा देश हळहळला आणि वर्तमानपत्रांची पानंच्या पानं कलामांनी भरली. अगदी साहजिक होतं. पण वर्षाअखेरीला यादी काढायला बसलेल्या माणसाला जुलै म्हटलं की कलाम आठवतात, गवई मागे पडतात. कलामांनाही घ्यायचंच. तुम्ही ग्रंथपाल आहात, त्यांच्या जयंतीला, 15 ऑक्टोबरला, वाचन प्रेरणा दिन असतो हे तुम्हाला मी काय सांगावं. पण कलामांवर फलकाचा अर्धा भाग खर्च करू नका. त्यांच्याबद्दल लोकांना माहीत आहे.

मोठ्या मरणाआड दुसरं मरण झाकलं जाणं आपल्याकडे वेळोवेळी झालं आहे. 22 नोव्हेंबर 1963 ला अमेरिकेत केनेडींची हत्या झाली आणि 24 नोव्हेंबरला मारोतराव कन्नमवार गेले. चंद्रपूर जिल्ह्यातला माणूस, महाराष्ट्राचा मुख्यमंत्री, पदावर असताना गेला. 1963 सालची कोणतीही जगाची यादी उघडा, केनेडी पहिले असतील. कन्नमवार शोधावे लागतात. त्यामुळे यादी करताना मी एक सवय ठेवली होती: कोणतंही फार मोठं नाव लिहिलं की त्याच्या मागचा-पुढचा आठवडा परत चाळायचा.

2015 मध्ये याच कारणासाठी फेब्रुवारीचा तिसरा आठवडा नीट बघावा लागतो. 16 तारखेला आर. आर. गेले. त्याच सकाळी कोल्हापुरात गोविंद पानसरे यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या आणि 20 तारखेला मुंबईत त्यांचं निधन झालं. हल्ल्याची तारीख आणि निधनाची तारीख यांची अदलाबदल अशाच ठिकाणी होते.

तारखांच्या कडेला असलेली माणसंही निसटतात. वर्षाच्या पहिल्या आठवड्यात गेलेली व्यक्ती डिसेंबरपर्यंत 'मागच्या वर्षीची' वाटायला लागते. सिंधुताई सपकाळ 4 जानेवारी 2022 ला पुण्यात गेल्या. आमच्या वर्धा जिल्ह्याची लेक, चिखलदऱ्यात आदिवासींसाठी उभी राहिलेली बाई. महिनाभराने, 6 फेब्रुवारीला, लताबाई गेल्या. त्या डिसेंबरात आमच्या तालुक्यातल्या एका शाळेच्या फलकावर लताबाईंचा भलामोठा फोटो होता आणि सिंधुताईंचं नाव नव्हतं. मास्तरांचा काही राग नव्हता, फक्त आठवण फेब्रुवारीपासून सुरू झाली होती.

आणि दुसरं टोक. मंगेश पाडगावकर 30 डिसेंबर 2015 ला गेले. ज्यांनी यादी विसाव्या तारखेलाच छापायला टाकली त्यांचे पाडगावकर 2015 मध्येही नाहीत आणि पुढच्या वर्षी 'हे तर जुनं झालं' म्हणून 2016 मध्येही नाहीत. तीनच दिवसांनी, 2 जानेवारी 2016 ला, कम्युनिस्ट नेते ए. बी. बर्धन गेले. नागपूरच्या कामगारांनी 1957 मध्ये विधानसभेत पाठवलेला माणूस. ते पुढच्या वर्षाच्या यादीत आले पाहिजेत, पण पुढच्या डिसेंबरात कोणाला आठवतात?

म्हणून माझं पहिलं स्पष्ट मत: कार्यक्रम 31 डिसेंबरला घेऊ नका. जानेवारीच्या मध्याला घ्या, संक्रांत आटोपली की. वर्ष पुरतं संपलेलं असतं, शेवटच्या पंधरवड्यातली माणसं हाती लागतात. गावापुरतं आणखी एक कारण आहे. डिसेंबरच्या शेवटी गावात कोणी गेलं असेल तर त्यांची तेरवी जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात येते. तेरवीच्या आधी घरच्यांना फोटो मागणं बरं दिसत नाही. शिवाय 31 च्या संध्याकाळी पोरं कुठे असतात हे तुम्हाला माहीत आहे, आणि बायाबापड्या दिवसभर कापूस वेचून थकलेल्या असतात.

दुसरं मत: यादी डिसेंबरात करायचीच नाही, ती वर्षभर होऊ द्यायची. वाचनालयात एक लांब वही ठेवा. चार रकाने: तारीख, नाव, ठिकाण, आणि 'कुठून कळलं'. हा चौथा रकाना लोक कंटाळून सोडून देतात, आणि वर्षाअखेरीला भांडण होतं ते नेमकं त्यावरून. 'व्हॉट्सअॅपवर आलं' असं लिहिलेलं असेल तर ते नाव शिशपेन्सिलीने लिहा, दोन दिवसांनी खात्री झाली की शाईने.

हे शिशपेन्सिलीचं उगाच सांगत नाही. नोव्हेंबर 2022 मध्ये विक्रम गोखले पुण्यात रुग्णालयात होते. ते गेल्याची बातमी रात्रीतून सगळीकडे फिरली, मोठमोठ्यांनी श्रद्धांजल्या वाहिल्या, आणि घरच्यांना सांगावं लागलं की ते हयात आहेत. निधन झालं 26 नोव्हेंबरला. आजही काही ठिकाणी चुकीची तारीख सापडते, कारण पहिल्या लाटेत लिहिलेलं कोणी खोडलं नाही. वर्तमानपत्रावरूनही तारीख काढताना जपून. अंकावरची तारीख ही निधनाची तारीख नसते. रात्री उशिरा कोणी गेलं तर ग्रामीण आवृत्तीत बातमी दुसऱ्या दिवशीही येत नाही, तिसऱ्या दिवशी येते. बातमीत 'सोमवारी रात्री' असं लिहिलेलं असतं, तेव्हा कॅलेंडर काढून सोमवार कोणता ते बघायचं.

आता तिथी. आपल्याकडे हा घोळ हमखास होतो. राष्ट्रसंत तुकडोजी महाराज 11 ऑक्टोबर 1968 ला गुरुकुंज मोझरीला गेले. पण मोझरीचा पुण्यतिथी महोत्सव तिथीने होतो, अश्विन वद्य पंचमीला, म्हणून दरवर्षी तारीख बदलते. सायंकाळी 4 वाजून 58 मिनिटांनी तिथे हजारो माणसं स्तब्ध उभी असतात. गजानन महाराजांची समाधी 8 सप्टेंबर 1910 ची, पण शेगावची वारी ऋषिपंचमीला. तुमच्या गावातले भजनी म्हातारे पंचमीच सांगतील आणि शाळेतलं पोरगं तारीख सांगेल. दोघेही बरोबर आहेत. फलकावर तारीख लिहा आणि जिथे तिथी पाळली जाते तिथे खाली बारीक अक्षरात तिथीही टाका. वाद मिटतो.

1968 वरून आठवलं. एखाद्या वर्षी यादी फारच वादाची होतेय असं वाटलं तर पन्नास किंवा साठ वर्षांपूर्वीचं साल घेऊन बघा, फार रमायला होतं. 1968 घेतलं तर तुकडोजी महाराजांबरोबर लोकनायक बापूजी अणे येतात. तुमच्याच जिल्ह्यातले, वणीचे. 1930 मध्ये पुसदला जंगल सत्याग्रह त्यांनी केला, पुढे व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात गेले आणि गांधीजींच्या 1943 च्या उपोषणाच्या वेळी राजीनामा देऊन बाहेर पडले. 1968 च्या 26 जानेवारीला ते गेले. दिवस असा की त्यांची पुण्यतिथी दरवर्षी झेंडावंदनाच्या गडबडीत बुडते. तुमच्या वाचनालयाने त्या दिवशी झेंडा झाल्यावर पाच मिनिटं त्यांच्यासाठी काढली तर वणी-पुसदकडच्या माणसांना बरं वाटेल. 1956 घेतलंत तर 6 डिसेंबर आणि 20 डिसेंबर, बाबासाहेब आणि गाडगेबाबा, चौदा दिवसांच्या अंतराने. गाडगेबाबा गेले ते अमरावतीच्या वाटेवर, वलगावजवळ, पेढी नदीपाशी. त्या पुलावरून आपण किती वेळा एसटीने गेलो असू, पण पूल कोणता हे पोरांना दाखवत नाही.

इथवरचं तुमच्या पहिल्या तीन प्रश्नांचं उत्तर झालं: नाव गावाशी जोडता आलं तरच ठेवा, बाहेरची नावं दहा-बारापुढे नेऊ नका, तारीख दोन ठिकाणी पडताळा. एखादा आवडता नट ठेवायचा असेल तर बिनदिक्कत ठेवा. टुरिंग टॉकीजमध्ये त्याचा सिनेमा बघायला लोक बंडी जुंपून गेले असतील तर तोही गावाशी संबंधच आहे.

आता गावातली माणसं. घ्याच. माझ्या मते फलकाचा अर्धा भाग त्यांचा असावा. पण कोणाला 'नामवंत' म्हणायचं, हा प्रश्न इथे सगळ्यात जास्त छळतो. सरपंच, पाटील, सावकार यांची नावं आपोआप येतात, कारण त्यांचे नातेवाईक आठवण करून देतात. मी स्वतःला विचारायचो की या माणसाच्या जाण्याने गावातलं कोणतं काम अडलं? अडलेल्या बाळंतपणात ज्या दाईला रात्री उठवून न्यायचे ती. भर पावसात खांबावर चढणारा लाइनमन. दंडारीत, म्हणजे आपल्याकडच्या लोकनाट्यात, बाईचं काम करणारा, ज्याचं लुगडं नेसणं बघायला शेजारच्या गावच्या बाया यायच्या. पोळ्याला झडत्या, म्हणजे बैलांपुढची गाणी, म्हणणारा. पहिलीच्या वर्गाला आयुष्य देणारी बाई. ज्याला मोडी वाचता यायची तो शेवटचा म्हातारा. यांची बातमी कोणत्याही वर्तमानपत्रात येत नाही, आली तर नातेवाइकांनी पैसे देऊन छापलेल्या चौकटीत.

ही नावं कशी गोळा करायची? पहिला विचार येतो ग्रामपंचायतीचं मृत्यू नोंदणीचं रजिस्टर बघायचा. ग्रामसेवकांशी बोला, मदत होते. पण तेवढ्यावर विसंबू नका. मृत्यूची नोंद जिथे मृत्यू झाला तिथे होते. गावातला माणूस सेवाग्रामला किंवा नागपूरच्या मेडिकलला गेला तर नोंद तिकडची, तुमच्या पंचायतीत ती सापडणार नाही. आणि अलीकडे बऱ्याच जणांचा शेवट दवाखान्यातच होतो. मुलाकडे पुण्याला राहायला गेलेले म्हातारे तर कुठल्याच गावच्या वहीत नसतात. म्हणून आशाताई, भजन मंडळ, रेशन दुकानदार, पोलीस पाटील यांना महिन्यातून एकदा विचारत जा. जुन्या सालातला माणूस असेल तर तहसीलमधली कोतवाल पंजी, म्हणजे जन्म-मृत्यूची जुनी नोंदवही, कामी येते, पण ती जीर्ण असते आणि नक्कल मिळायला वेळ लागतो, तेव्हा डिसेंबरात अर्ज करून उपयोग नाही.

बायांची नावं मुद्दाम शोधावी लागतात. मरेपर्यंत बाई 'अमक्याची माय' म्हणूनच ओळखली जाते. फलकावर तिचं स्वतःचं नाव आलं पाहिजे, आणि लोकांना कळावं म्हणून खाली हाक मारायचं नाव. नाव विचारलं की घरच्यांनाही कधी कधी रेशनकार्ड काढून बघावं लागतं. वयाचंही तसंच आहे. नक्की माहीत नसेल तर वय लिहूच नका. 'बहात्तरच्या दुष्काळात रोजगार हमीवर खडी फोडायला होत्या' असं घरच्यांनी सांगितलं तर तेच लिहा, त्यातून सगळं कळतं.

एक नाजूक गोष्ट आहे, ती टाळता येत नाही. आपल्या भागात वर्षभरात एखाद्या कास्तकाराने जीव दिलेला असतो. त्याचं नाव फलकावर घ्यावं का? मी मरणाचं कारण कधीच कोणाच्या नावापुढे लिहिलं नाही, कर्करोग असो, अपघात असो की हे. त्या माणसाचं नाव घरच्यांनी दिलं आणि त्याने केलेलं काही सांगितलं, तो चांगला पेरण्या करायचा, बैल ओळखायचा, कबड्डीत पुढे असायचा, तर तेवढंच लिहून इतरांच्या रांगेत घ्यायचं. घरच्यांनी नको म्हटलं तर नको, दुसऱ्यांदा विचारायचं नाही. सामूहिक आठवण करायची असेल तर तिचा वेगळा दिवस आहे. तुमच्याच जिल्ह्यातल्या चिलगव्हाणच्या एका शेतकरी कुटुंबाने 19 मार्च 1986 ला जीवन संपवलं, आणि त्या दिवशी राज्यात ठिकठिकाणी लोक एक दिवस अन्नत्याग करतात. ते तिथे करावं. फलकावर कोणाच्या दुःखाची नुमाईश नको.

लिहायचं कसं, हे तुम्ही विचारलं नाही, पण फलक तिथेच बिघडतात. 'थोर नेते, कुशल प्रशासक यांचे दुःखद निधन झाले, त्यांच्या जाण्याने न भरून निघणारी पोकळी निर्माण झाली' हे वाक्य कोणाच्याही नावाखाली चिकटवता येतं, म्हणून ते कोणाचंच नाही. गवईंची नोंद मी अशी केली असती: 'रा. सू. गवई. दारापूर, ता. दर्यापूर. विधान परिषदेचे सभापती, अमरावतीचे खासदार, बिहार व केरळचे राज्यपाल. दसऱ्याला आपल्या गावातून ज्या दीक्षाभूमीला गाड्या जातात, तिच्या स्मारक समितीत अनेक वर्षं काम. 25 जुलै 2015, नागपूर.' बस. विशेषण एकही नाही आणि कोणाला कमी वाटणार नाही.

गावातल्या माणसाची एक नोंद नाव गाळून देतो, आमच्या वहीतलीच: 'गुरुदेव सेवा मंडळात खंजिरी वाजवत. प्रार्थनेआधी शेकोटीवर खंजिरी धरून चामडं ताणत, टिचकी मारून कानाशी नेत आणि मनासारखा आवाज येईपर्यंत कोणाला भजन सुरू करू देत नसत.' हे वाचल्यावर सभेतली माणसं हसली, आणि मग एकेकाला त्यांच्या गोष्टी आठवायला लागल्या. त्या मी मागे उभा राहून वहीत टिपून घेतल्या. अशी नोंद मिळवायला घरी जाऊन बसावं लागतं. 'ते कसे होते' असं विचारलं तर 'फार चांगले होते' एवढंच उत्तर येतं. 'सकाळी उठल्यावर काय करायचे', 'कशावरून चिडायचे' असं विचारा, मग माणूस दिसायला लागतो.

छोट्या पण महत्त्वाच्या दोन गोष्टी. सगळ्यांच्या नावाआधी एकच शब्द वापरा. मी 'दिवंगत' वापरत आलो. 'कै.' सरसकट लावलं तर बौद्ध आणि मुसलमान घरांना ते आपलं वाटत नाही. आणि क्रम फक्त निधनाच्या तारखेचा ठेवा, जानेवारी ते डिसेंबर, बाहेरचे आणि गावातले एकाच रांगेत. मानाप्रमाणे लावायला गेलात तर कोणाचा फोटो वर आणि कोणाचा खाली यावरून कार्यकारिणी फुटेल. तारखेशी कोणाला भांडता येत नाही, आणि दाई व राज्यपाल शेजारी शेजारी येतात ते वेगळंच.

फोटो घरच्यांकडूनच घ्या. बऱ्याच घरांत माणसाचा एकच फोटो असतो, तोही लग्नातला, चौघांत उभा असलेला. तो मोबाईलवर काढून घ्या आणि मूळ फोटो त्याच बैठकीत परत करा, 'उद्या आणून देतो' म्हणू नका.

आता आमदार. बोलवायचं तर बोलवा, वाचनालयाला खोली बांधून पाहिजे असेल तर बोलवावंच लागेल, मी काही साधुसंत नाही. पण आधीच सांगून ठेवा की या कार्यक्रमात भाषण नाही. नावं वाचली जातील, प्रत्येक नावावर ज्याला काही सांगायचं आहे तो दोन मिनिटं बोलेल, आमदारांनाही कोणाबद्दल ठाऊक असेल तर त्यांनीही दोन मिनिटं. दिवा गावातल्या वर्षभरात गेलेल्यांपैकी एखाद्याच्या घरच्या बाईकडून लावा. आमच्याकडे एकदा एक साहेब या अटीवर आले, कोपऱ्यात सतरंजीवर बसले, आणि लाइनमनच्या नावावर उठून म्हणाले की याने माझ्या बापाच्या वावरातल्या मोटरपंपाची लाइन भर पुरात जोडून दिली होती. तेवढंच बोलून खाली बसले. मुद्द्याचं बोलले. भाषण करू दिलं असतं तर रस्त्याच्या निधीवर अर्धा तास गेला असता.